आपो : पाणी, आग आणि आपण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना वर्गात मधेच थांबून ‘हा शब्द आला कुठून?’ असं विचारायची खोड होती, असं त्यांच्या विद्यार्थ्यांकडून ऐकलं आहे. ती खोड मलाही आहे. म्हणून आज एकच शब्द घेऊन आलो आहे. शब्द म्हणण्यापेक्षा एक उच्चार म्हणा. तो उच्चार म्हणजे ‘आप’, किंवा ओकारान्त ‘आपो’.

मराठी माणसाला तो दोन दारांनी भेटतो. पहिलं दार पंचमहाभूतांचं. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही नावं आपण लहानपणी पाठ केली. इथे आप म्हणजे पाणी. संस्कृतात हा शब्द बहुवचनातच चालतो, ‘आपः’. आणि पुढचा वर्ण तसा आला की संधीनं त्याचा ‘आपो’ होतो. याचा सख्खा भाऊ फारसीत आहे, ‘आब’. पाच पाण्यांचा तो पंजाब, दोन पाण्यांमधला तो दोआब, आणि फुलाचं पाणी तो गुलाब; गुलाब हे मूळ झाडाचं नाव नव्हे, गुलाबदाणीतल्या पाण्याचं. हाच आब मोत्याच्या वाटेनं मराठीत शिरला. मोत्याचं पाणी म्हणजे त्याची झळाळी, झळाळीवरून इभ्रत, आणि मग ‘आब राखून वागावं’ असं आपण म्हणू लागलो. तिथे पाण्याचा थेंबही उरला नाही.

दुसरं दार ‘आपण’चं. आपला, आपपर, आपमतलबी, आपखुशी, हिंदीतलं आदरार्थी ‘आप’. यांचा पाण्याशी काडीचा संबंध नाही. ही सगळी ‘आत्मन्’ची लेकरं, प्राकृतात त्याचं ‘अप्पा’ झालं आणि पुढे ‘आप’. आपोआप या शब्दात तर आपो स्पष्ट ऐकू येतो, पण नळ आपोआप सुरू झाला म्हणताना त्यातलं पाणी नळाचं असतं, शब्दाचं नसतं.

इथवर काही नवल नाही. एकाच उच्चाराचे दोन वेगळ्या वंशांचे शब्द प्रत्येक भाषेत असतात. ‘काम’ घ्या : षड्रिपूंतला काम मुळातच काम आहे, आणि रोजगार हमीवरचं काम ‘कर्म’पासून आलेलं. दोघं एका नावाचे, पण एका बापाचे नव्हेत.

आता आपल्या बुलढाणा जिल्ह्यातला राजूर घाट उतरा. मोताळा, नांदुरा करत येरळीजवळ पूर्णा ओलांडा, जळगाव जामोद मागे टाका आणि सातपुड्याच्या पायथ्याला लागा. तिथे सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा आणि शेजारच्या संग्रामपूर तालुक्यात वसाली, चिचारी या गावांत काही घरं अशी आहेत, की जिथे ‘आपो’ म्हणजे आग.

ही घरं निहालांची. त्यांच्या भाषेला अभ्यासक निहाली किंवा नहाली म्हणतात. ते स्वतःला कलटो म्हणवतात. बोलणारे असतील दोन-अडीच हजार. आणि जगातल्या कुठल्याही भाषाकुळात ही भाषा आजवर बसवता आलेली नाही. स्पेनच्या सीमेवरच्या बास्कचं नाव भाषाशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात असतं. तशीच एकांडी भाषा आपल्या जिल्ह्यात आहे. आपण लोणारला जगाच्या नकाशावर मिरवतो, शेगाव आणि सिंदखेड राजा तर सांगायलाच नको. निहालीचं नाव मात्र घाटावर किती जणांनी ऐकलं आहे, हे हात वर करायला लावून मी विचारत नाही.

आपोकडे परत येऊ. संस्कृतात पाणी, निहालीत आग. इतका नाट्यमय विरोध दिसला की कुणालाही गोष्ट रचायचा मोह होतो. पाण्याचा शब्द उचलून विस्तवाला लावला, विस्तवाचं नाव घेऊ नये असा काही विटाळ असेल, वगैरे. गोष्ट रंगेल. पण पुरावा काय? दोन व्यंजनंसुद्धा नाहीत त्या शब्दात. दोन स्वर आणि मधे एक ‘प’. जगात हजारो भाषा, प्रत्येकीत हजारो शब्द, आणि माणसाच्या तोंडातून सहज निघणारे आवाज मोजके. इतके छोटे शब्द एकमेकांवर आदळणारच.

मोह पंडितांनाही होतो. जपानच्या उत्तरेला होक्कायदो बेटावर ऐनू लोकांची भाषा आहे, तीही एकांडी. ऐनूत आगीला ‘अपे’ म्हणतात. 1996 साली जॉन बेंग्टसन यांनी निहाली आणि ऐनू यांची तुलना करणारा लेखच लिहिला. लेख वाचनीय आहे, पण त्यावरून जळगाव जामोद आणि होक्कायदो यांचं नातं भाषाशास्त्रानं मान्य केलेलं नाही, आणि ते बरोबरच आहे. आपल्याकडे याच जातीचा उद्योग पु. ना. ओकांनी केला होता. त्यांना व्हॅटिकनमध्ये वाटिका दिसली. फरक इतकाच, की बेंग्टसन यांनी शंकेला जागा ठेवली.

मग नातं ओळखायचं कसं? याचं उत्तर घाटाखालच्या कुठल्याही पोट्ट्याच्या तोंडी आहे. प्रमाण मराठीत डोळा, तो म्हणतो डोया. शाळा–शाया, काळा–काया, केळी–केयी, फळ–फय. एखाद-दुसरा शब्द नव्हे. जिथे जिथे ळ, तिथे तिथे य. पुण्याचे पाहुणे यावर हसतात, पण भाषाशास्त्राचा कणा हाच आहे. नातं आवाज सारखे असण्यात नसतं. आवाज नेमानं वेगळे असण्यात असतं. कन्नड आणि तमिळ बहिणी आहेत हे आपण ओळखतो, ते तमिळच्या ‘प’समोर कन्नडचा ‘ह’ पुन्हा पुन्हा उभा राहतो म्हणून : दूध तिकडे पाल, इकडे हालु, दात पल आणि हल्लु, वाघ पुलि आणि हुलि.

हाच नेम लावून पाहिला, की मराठी माणसाचे नातेवाईक भलतीकडे सापडतात. युरोपच्या उत्तरेला बाल्टिक समुद्राच्या काठी लिथुआनिया आहे. तिथे शंभराला शिम्तस, दहाला देशिम्त, आठाला अश्तुओनी आणि कुत्र्याला शुओ म्हणतात. संस्कृतात शत, दश, अष्ट, श्वा. आग तिकडे उग्निस, इकडे अग्नि. दात दान्तिस. हे नातं खरं आहे, आणि ते मानायला कुणी लिथुआनियाचा माणूस आपल्यासारखा दिसायची गरज नाही. पण त्याच भाषेत ‘सूनुस’ ऐकून सून समजाल तर फसाल. सूनुस म्हणजे मुलगा, संस्कृतातला सूनु. आपली सून ‘स्नुषा’पासून आली. नातेवाईकांच्या घरातही सारखं नाव वेगळ्या माणसाचं असू शकतं.

त्याच किनाऱ्यावर पूर्वी प्रशियन नावाची भाषा होती. जर्मनांच्या प्रशिया राज्याला पुढे ज्यांचं नाव मिळालं, ते हे मूळ लोक. त्यांच्या भाषेत नदीला ‘अपे’ म्हणत. लाटवियन भाषेत आजही ‘उपे’. अनेक अभ्यासक हे शब्द आपल्या ‘आपः’च्या मुळाशी जोडतात. म्हणजे होक्कायदोत अपे म्हणजे आग, बाल्टिककाठी अपे म्हणजे नदी. सोनबर्डीत आपो आग, आणि पूजा सांगणाऱ्या भटजींच्या तोंडी आपो पाणी. यांतलं नातं जुळतं ते भटजींचं आणि प्रशियनांचं. सोनबर्डी आणि जामोद यांच्यात एका बाजाराचं अंतर, पण भाषेच्या वंशावळीत लिथुआनियातलं विल्नियस जवळ आणि सोनबर्डी लांब.

निहालीतली इतर उदाहरणं पाहा. ‘जो’ म्हणजे मी. मराठीत तो संबंधी सर्वनाम, जो–तो मधला. ‘ने’ म्हणजे तू. मराठीत ने म्हणजे घेऊन जा. वऱ्हाडी माणूस ‘नाई’ म्हणतो तेव्हा नकार देतो. हिंदीत नाई म्हणजे न्हावी, संस्कृत नापितचा वंशज. आणि निहालीत ‘नाय’ म्हणजे कुत्रा. तीन गावचे तीन रहिवासी.

या कुत्र्यापाशी मात्र जरा थांबावं लागतं, कारण हा नाय योगायोगाचा वाटत नाही. तमिळमध्ये कुत्रा नाय, कन्नडमध्ये नायि. इथे आवाजही तोच आणि अर्थही तोच. आणि निहालीत असा द्राविडी शब्द हा एकटा नाही, म्हणून उसनवारी मानायला आधार आहे. पण मौज अशी, की निहालांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार आहे कोरकूंचा. कोरकू ही मुंडा कुळातली, संथाळी-मुंडारीची बहीण. सात लाखांवर लोक ती बोलतात. कोरकूत कुत्र्याला ‘सिता’, संथाळीत ‘सेता’. (हे ऐकून कुणी भुवया उंचावू नयेत, जनकाच्या सीतेचा अर्थ नांगराची तास, आणि तिचा या शब्दाशी संबंध नाही.) निहालीनं कोरकूकडून शेकडो शब्द घेतले, पण दारातल्या कुत्र्यासाठी द्राविडी शब्द ठेवला. म्हणजे कोरकूंआधी किंवा त्यांच्या जोडीनं या डोंगरात द्राविडी बोलणारे शेजारी होते, असं मानावं लागतं. गोंडी त्याच कुळातली, आणि ती आजही सातपुड्यात पूर्वेकडे आहे.

निहाली आकडे तर थर लावून ठेवल्यासारखे आहेत. एक म्हणजे ‘बिडुम’, हा त्यांचा स्वतःचा. दोन ‘इरार’, तीन ‘मोथो’, चार ‘नालो’, हे द्राविडी घराण्याचे. पाचापासून पुढे आपल्याकडचे. यावरून एखादा म्हणेल, चार आकड्यांतले तीन उसने, म्हणजे ही भाषा खिचडी.

त्यानं विटीदांडू आठवावा. दांडूनं अंतर मोजताना आपण काय म्हणत होतो? वकट, लेंड, मुंड, नाल. आम्ही हे शब्द खेळाचे समजत होतो. ते तेलुगूचे आकडे आहेत : ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. निहालीचा नालो आणि आपल्या विटीदांडूतला नाल एकाच घराण्यातले. महाराष्ट्रातल्या पोरांनी किती पिढ्या तेलुगूत गणती केली, आणि मराठी काही तेलुगू झाली नाही. तूप आपण कन्नडकडून घेतलं, अडकित्ताही. पगार पोर्तुगिजांकडून, आणि ज्या घमेल्यातून रेती वाहून तो पगार मिळतो ते घमेलंही त्यांचंच. जमीन, जिल्हा, तहसील, हद्द, नक्कल फारसी-अरबीतून. तलाठ्याच्या दप्तरातले उसने शब्द काढून टाकले तर सातबारा वाचता येणार नाही. तरी मराठीला खिचडी म्हणायची कुणाची हिंमत नाही, कारण तिच्यामागे माणसं आहेत, राज्य आहे, छापखाने आहेत.

निहालीमागे यांपैकी काही नव्हतं, म्हणून तिचं काय झालं ते पाहा. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा चौथा खंड 1906 साली निघाला. स्टेन कोनो यांनी त्यात नहालीची नोंद कोरकूच्या घरात केली. पुढे सुधिभूषण भट्टाचार्य यांनी बुऱ्हाणपूरकडच्या टेंभी गावात जाऊन शब्द टिपले आणि 1957 मध्ये छापले. त्या टिपणांवर लायडनचे प्राध्यापक कुइपर बसले, आणि 1962 साली त्यांचं छोटंसं पुस्तक आलं. त्यांनी एकेक शब्द चाळणीतून काढला. एक तृतीयांशाहून थोडे अधिक शब्द कोरकूशी जुळतात, काही द्राविडी, बरेच हिंदी-मराठीचे; आणि सुमारे चौथा हिस्सा असा उरला, की ज्याला भारतात कुठेच जोड सापडत नाही. त्या चौथ्या हिश्शात काय आहे? पाणी : जोप्पो. डोळा : जिकित. कोरकूत पाणी डा आणि डोळा मेड, म्हणजे शेजाऱ्याकडून घेतलेलं नाही.

याच पुस्तकात कुइपर यांनी आणखी एक शंका घेतली. ही एखाद्या टोळीची गुप्त बोली तर नसेल? एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी दप्तरात नहालांचं नाव डोंगरातले लुटारू म्हणून येतं. त्या शंकेला तिथून खतपाणी मिळालं असावं. मला ती पटत नाही. गुप्त बोली आपल्यालाही ठाऊक आहेत. दलालांची रुमालाखालची भाषा घ्या, शाळकरी पोरींची ‘च’ची भाषा घ्या, त्यांत लपवायचं तेवढंच लपवलेलं असतं, किंमत, माल, माणूस, आणि बाकीचा सांगाडा रोजच्या भाषेचा असतो. ‘मी’ कुणापासून लपवायचा? चुलीतली आग आणि माठातलं पाणी कुणापासून लपवायचं? निहालीचे स्वतःचे म्हणून जे शब्द उरले आहेत, ते आईच्या मांडीवर शिकायचे शब्द आहेत.

कोनो यांनी लावलेली वर्गवारी कागदावर अजूनही शाबूत आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत निहाल आणि नाहुल ही नावं कोरकूच्याच नोंदीखाली येतात. सवलती मिळण्यापुरतं ते सोयीचं असेल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. जनगणनेची आहे. 1971 पासून दहा हजारांपेक्षा कमी बोलणाऱ्यांच्या भाषेचा आकडा जनगणनेत स्वतंत्र छापला जात नाही. दोन-अडीच हजार लोकांनी आपली भाषा खरी सांगितली, तरी छापील तक्त्यात ती ‘इतर’मध्ये जाते. युनेस्कोच्या धोक्यातल्या भाषांच्या यादीत तिचं नाव आहे आणि आपल्या तक्त्यात नाही.

त्यात 1 नोव्हेंबर 1956. राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात आला, आणि सातपुड्याच्या अंगावरून राज्याची सीमा गेली. बुऱ्हाणपूरकडचे निहाल हिंदीच्या शाळेत, जळगाव जामोदकडचे मराठीच्या. मुळात भाषा बोलणारे दोन-अडीच हजार, त्यांचेही दोन तुकडे.

तरी काम थांबलेलं नाही. आशा मुंडले यांनी निहालांमध्ये राहून शब्द जमवले. त्यांचा निहाली शब्दसंग्रह 1996 साली ‘मदर टंग’ या नियतकालिकात आला. एका मराठी बाईनं केलेल्या या कामाची मराठीत जेवढी कदर व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, हे मी स्पष्ट बोलतो. के. एस. नागराज यांचं निहालीवरचं सविस्तर पुस्तक 2014 मध्ये म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेनं काढलं. दोन्ही इंग्रजीत आणि रोमन लिपीत. सोनबर्डीच्या शाळेत चौथीतल्या मुलाला वाचता येईल असं त्यात काही नाही.

मघाशी ज्या प्रशियन भाषेचं नाव घेतलं, ती अठराव्या शतकाच्या सुरुवातीला संपली. ‘अपे’ म्हणजे नदी हे आज आपल्याला कळतं, ते मुख्यतः एल्बिंग गावच्या एका जुन्या यादीमुळे. जर्मन शब्द आणि त्यासमोर प्रशियन शब्द, अशी 802 शब्दांची यादी. ज्यानं ती केली त्यानं व्याकरण लिहिलं नाही, गाणी जमवली नाहीत. फक्त विषयवार शब्द लिहिले. देव, आभाळ, माती, पाणी, झाडं, जनावरं, नांगराचे भाग, गाडीचे भाग.

इथे सभागृहात जळगाव जामोद आणि संग्रामपूरकडचे काही शिक्षक आहेत, तलाठी आहेत, आशा सेविका आहेत. त्यांच्याशी दोन व्यवहाराच्या गोष्टी बोलतो. निहाली शब्द ऐकला तर वहीत देवनागरीत लिहा, पण सुटा लिहू नका. ज्या वाक्यात ऐकला ते अख्खं वाक्य लिहा, गावाचं नाव लिहा, सांगणारा म्हातारा की तरणा, आई की लेकरू, तेही लिहा. नांगर, मोबाईल, रेशनकार्ड यांचे शब्द विचारत बसू नका. ते आपणच त्यांना दिलेले आहेत. मोहाच्या फुलाला पहाटे काय म्हणतात आणि सुकल्यावर काय म्हणतात ते विचारा. मुंग्यांच्या जाती, विंचू, सरडा, कोळ्याचं जाळं, पायात मोडलेला काटा, अंगावर येणारा शहारा, मुलाच्या डोक्यातली ऊ यांची नावं विचारा. आत्या, मावशी, मेहुणी यांना वेगळे शब्द आहेत का ते पाहा. आणि उत्तर कोरकूतलं आलं तर खोडू नका. पुढे कंसात ‘को.’ एवढं लिहा आणि दुसऱ्या घरी जाऊन तोच प्रश्न पुन्हा विचारा. अशी भरलेली वही मला द्यायची गरज नाही. तिच्या तीन प्रती काढा : एक त्याच गावच्या शाळेत, एक तालुक्याच्या वाचनालयात, आणि एक ज्यांनी शब्द सांगितले त्यांच्या घरी.